ठरल्या तारखेचा पंप

पंचाहत्तरच्या सुमारास माझे यजमान मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत मिस्त्री होते. मी तासगावजवळ सासरी, द्राक्षबागेत. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि सगळे दिवस मिळवले तरी आम्ही चार महिने एकत्र राहिलो नव्हतो.

त्या वर्षी जहाजावरच्या साहेबांनी त्यांना एक काम दिलं. जहाजावर दोन सारखे पंप होते. एक दर सहा महिन्यांनी, बिघाड असो नसो, उघडून साफ करायचा. दुसऱ्याचा रोज आवाज ऐकायचा, तापतोय का बघायचं आणि कुरकुरला तरच उघडायचा. वर्षभर नोंदी ठेवून कुठली रीत बरी ते सांगायचं. पहिली बरी ठरली तर पंप उघडायला जहाज ठरल्या तारखेला बंदरात लागणार आणि यांना ठरलेली सुट्टी मिळणार. मला पंपातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी त्या पहिल्या पंपासाठी सोमवार धरले.

बागेची छाटणी चालू असताना ते आले. विहिरीवर दोघंच होतो, तेव्हा मी विचारलं, "आवं, कुठला पंप सरस निघाला?"

"दुसरा. पैला चांगला चालायचा, आमीच उघडून बिघडवायचो. दोन्ही खेपंला गळती."

"तसंच लिवलं?"

"व्हय. खोटं लिवून जहाजावरच्या पोरांना गळक्या पंपावर समुद्रात न्यायचं व्हय?"

नवऱ्याचा अभिमान वाटला आणि रागही तेवढाच आला. आता सुट्टीचा काही नेम राहिला नव्हता.

"पण उघडायचा कवा, ते कसं कळतं?"

"त्योच सांगतो. आवाज बदलतो. गप चाललाय तवर त्याच्याकडं कोन बघतंय?"

ते सहज बोलले, मला मात्र लागलं. आमच्या घरी पत्र लिहिलं की सासऱ्यांना वाचून दाखवायचं. परमुलखातल्या माणसाला घोर नको, म्हणून 'इकडे सर्व खुशाल' एवढंच लिहायचं. लग्न झाल्यापासून मी तेच लिहीत होते.

ते गेल्यावर मी नेहमीसारखं पत्र लिहिलं, वाचून दाखवलं. सासरे बाहेर पडल्यावर उरलेल्या जागेत लिहिलं, 'मला तुमच्याशिवाय करमत नाही. जेवण जात नाही.' भाताच्या शितानं पत्र चिकटवलं आणि स्वतः पोस्टमनच्या हातात दिलं.

उत्तर यायला दीड महिना लागला. आत एकच ओळ होती, 'हे आधी का लिहिलं नाहीस?'