कशाला लागती गाठ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ग्रुपमधल्या मित्रांना नाही, देवघरात एकटा बसलो असतानाही नाही. खरं तर दत्ता कसा गेला ही गोष्ट मी पन्नासएक वेळा तरी सांगितली असेल – शाळांत, कॉलेजांत, हातात माईक घेऊन. लोक म्हणतात, तुम्ही छान सांगता. सांगतोच. पण त्या गोष्टीत एक वाक्य आहे, ज्याच्यावर सगळा हॉल गप्प होतो. ते वाक्य दत्ताचं नाही. माझं आहे. मी ते त्याच्या तोंडी घातलं, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली.

मी दौंडला रेल्वेत आहे. आता मालगाडी चालवतो, तेव्हा असिस्टंट होतो. सुट्टी जुळली की सह्याद्रीतले सुळके चढायचे, हे आमच्या सहा-सात जणांचं वेड. दत्ता त्यातलाच एक. वडगाव रासाईचा, भीमेच्या काठाला शेती, बारावीपर्यंत माझ्याच बाकावर. कारखान्याची तोड येऊन उसाचा फड मोकळा झाल्याशिवाय तो सुळक्याचं नाव काढायचा नाही. मग एका पहाटे पाटसला हायवेवर सॅक घेऊन उभा असायचा, घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काखेत मारून. तो आमच्यात सगळ्यात चांगला चढणारा होता का? नाही. सगळ्यात सावध होता. आम्ही त्याला चिडवायचो – दत्ता लग्नाच्या बोहल्यावरसुद्धा दोर बांधून चढला असेल.

एक रेल्वेची गोष्ट सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिनात आम्ही दोघं असतो. पुढचा सिग्नल दिसला की एकानं त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा, आणि दुसऱ्यानं स्वतः बघून तोच रंग परत म्हणायचा. बघून – सगळं त्या बघण्यात आहे. ही पद्धत ग्रुपमध्ये मी आणली. दोरावरून उतरण्याआधी उतरणारा विचारणार, दुसरा बघून उत्तर देणार. कडी? ओके. हार्नेस, म्हणजे कमरेचा पट्टा? ओके. टोकाच्या गाठी? दोन्ही, ओके. दुसऱ्या ग्रुपची माणसं आमच्याकडे बघत राहायची. मला त्याचा फार अभिमान होता. आमचं काम कसं, एकदम रेल्वेसारखं – असं मीच सांगत फिरायचो.

पण दिवसभर सिग्नल ओरडून तोंडाला सवय लागते, हे मी कोणाला सांगितलं नाही. डोळे वर जायच्या आत तोंड उत्तर देऊन मोकळं होतं. इंजिनात शेजारी दुसरा माणूस बघत असतो, म्हणून निभावतं.

डोंगरात माणूस बहुधा मोठ्या संकटानं मरत नाही. सुटलेल्या दगडानं मरतो, आग्या मोहोळानं मरतो, पाणी संपल्यानं मरतो. आणि उतरताना मरतो. चढताना तो घाबरलेला असतो, म्हणून जपून असतो. माथ्यावर फोटो झाले की मन आधीच खाली चहाच्या टपरीवर जाऊन बसतं. हे मी भाषणात सांगतो, आणि हे खरं आहे.

त्या सुळक्याचं नाव सांगत नाही, त्याचा काही दोष नाही. माथ्यावर दत्ता आणि मी, दोघंच. बाकीचे चौघं पलीकडच्या खिंडीत थांबलेले, तिथून माथा दिसत नाही. माथ्यावर कातळात ठोकलेली लोखंडी कडी असते. दोर तिच्यातून ओवायचा, बरोबर मध्यावर आणायचा, दोन्ही टोकांना गाठी मारायच्या, टोकं खाली सोडायची आणि दोन्ही पदरांवरून एकदम उतरायचं. दोर अर्ध्या वाटेवरच्या एका टप्प्यापर्यंतच पोचतो, तिथून पुढे पुन्हा बांधून उतरायचं. तो टप्पा चुकून ओलांडला, तर टोकाची गाठ माणसाला अडवते. गाठ नसेल तर अडवायला काहीही नाही.

दोर मी लावत होतो. दत्ता मागे सामान आवरत होता. दोर मध्यावर आलाय असं वाटलं, दोन्ही टोकं डाव्या हातात धरली – आणि फोन वाजला. दौंडच्या लॉबीतून, म्हणजे गाड्यांवर माणसं लावणाऱ्या आमच्या ऑफिसातून. संध्याकाळच्या गाडीवर माणूस कमी पडतोय, येतोस का म्हणून. मी म्हणालो, सुट्टीवर आहे, डोंगरात आहे. तिकडून काहीतरी चेष्टा झाली, मी हसलो. फोन ठेवला आणि हातातली टोकं खाली सोडून दिली.

गाठी मारल्या नव्हत्या. दोर मध्यावरही नव्हता, एक बाजू आखूड होती, टप्प्याच्या वरच संपणारी.

मग आमची ती रेल्वेची पद्धत? विचारणं-सांगणं झालं का? झालं. त्यावर येतो. ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

दत्ता उतरायला लागला. कड्याच्या फुगवट्याखाली गेला की माणूस दिसत नाही, फक्त दोरावरचा ताण दिसतो. थोड्या वेळानं तो ताण गेला. कडीतून दोर सर्रकन धावायला लागला आणि शेवटचं टोक कडीतून निघून खाली गेलं. मी बघत होतो. ओरडल्याचं ऐकू आलं नाही. वारा होता, किंवा तो ओरडलाच नसेल.

माथ्यावर मी एकटा, आणि दोर नाही. खालच्यांना फोन केला. त्यांच्याकडे दुसरा दोर होता, पण चढून माझ्यापर्यंत यायला त्यांना दोन तास लागले. भर दुपार होती, ऊन होतं. त्या दोन तासांत मी रडलो का? थोडा वेळ. उरलेला वेळ मी विचार करत होतो. लॉबीत कळलं तर काय होईल? न बघता ओके म्हणणारा माणूस उद्या गाडी कशी चालवणार, असं कोणी म्हणालं तर? दत्ता खाली पडलेला होता आणि मी माझ्या नोकरीचा विचार करत होतो. पोरं वर पोचली तेव्हा माझी गोष्ट तयार होती. दोर दत्तानं लावला. मी म्हणालो, गाठ मार. तो हसून म्हणाला, ‘कशाला लागती गाठ.’

वाक्य चांगलं जमलं होतं. अगदी त्याच्या बोलण्यासारखं. बारा-पंधरा वर्षं मी त्याचं बोलणं ऐकत होतो, जमणारच. पोलिसांना जबाबात तेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली.

तिसऱ्या दिवशी वडगावला गेलो. दत्ताचे वडील, आप्पा, ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, माझा हात हातात घेतला. म्हणाले, ‘तुला पोलिसात बसाया लागलं, आमच्या पोरापायी. मनात ठिवू नगंस, बाबा.’ ज्याचा मुलगा माझ्यामुळे गेला, तो माणूस माझी माफी मागत होता. मी काय केलं असेल? मान हलवली आणि चहा घेतला.

निघताना शोभावहिनी दारात आल्या. दत्ताची बायको. कडेवर चार वर्षांची आरोही. त्यांनी हळूच विचारलं, ‘भावजी, खरंच असं म्हनले का वो ते? मोटर चालू करायच्या आदी पायात कोरडी चप्पल हाय का, ते तीनदा बघायचे. ते असं कसं म्हनतील?’

तेव्हा सांगता आलं असतं. एवढ्या सगळ्या माणसांत त्यांनी एकट्यांनीच ओळखलं होतं. मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, ‘व्हय वहिनी. असंच म्हनला.’

त्या क्षणी त्यांचा चेहरा बदलला. दुःख होतंच, त्यात राग आला – माझ्यावर नाही, त्याच्यावर. पुढे आले-गेल्यांना त्या म्हणायच्या, ‘घरात येवढीशी पोर हाय, याची तरी याद ठिवायची व्हती.’ दत्ताचा फोटो त्यांनी बाहेरच्या खोलीत लावला नाही. आतल्या खोलीत आहे, कपाटाच्या बाजूला. मी दर दिवाळीला जातो, फराळ खातो, म्हणून मला माहीत आहे. आप्पा चार वर्षांपूर्वी गेले. पोरगा स्वतःच्या हेकटपणानं गेला, हे मनात घेऊनच गेले.

आणि मी भाषणं द्यायला लागलो. अपघातानंतर आमच्या ग्रुपनं सुरक्षिततेचे वर्ग सुरू केले, बोलायला मलाच पुढे करतात. दत्ताची गोष्ट, ते वाक्य, मग मोठा दोर घेऊन टोकाला गाठ कशी मारायची ते दाखवणं. मुलं शिकतात. कदाचित कोणाचा जीव वाचलाही असेल. हे मी माझ्या बाजूनं लिहीत नाही. गाठीचं महत्त्व खरं सांगूनही शिकवता आलं असतं.

या जानेवारीत शिरूरच्या एका शाळेत वर्ग होता. आरोही तिथेच नववीत आहे, हे मला माहीत नव्हतं. भाषण संपल्यावर बाईंनी तिला पुढे बोलावलं. उंच झालीय, उभी राहते ती दत्तासारखी, एक खांदा किंचित खाली. तिनं माईक घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘माझे पप्पा म्हणाले होते, कशाला लागती गाठ. त्यांना तेव्हा आमची आठवण झाली नाही. तुम्ही गाठ मारा.’ एवढंच बोलली आणि जागेवर जाऊन बसली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

तेव्हापासून गाडीवर गेलो की सिग्नलचा रंग म्हणायला मला उशीर होतो. शेजारचा असिस्टंट विचारतो, साहेब, बरं नाही का? बरं आहे, म्हणतो. हे लिहून झालं की कागद घेऊन वडगावला जाणार आहे. त्यानंतर त्या घरात मला कोणी उभं करेल की नाही, ते त्यांचं ते ठरवतील.

आता ते राहिलेलं.

दत्ता कड्याच्या कडेला पाठमोरा उभा होता, दोर हातात. मी पुन्हा फोनकडे बघत होतो, लॉबीतून मेसेज आला होता. तो म्हणाला, ‘कडी?’ ओके. ‘हार्नेस?’ ओके. ‘टोकाच्या गाठी?’ दोन्ही, ओके – मी मान वर न करता म्हणालो. तो निघाला नाही. तसाच थांबला आणि परत विचारलं, ‘बघितल्यास का रं?’

‘बघितल्या,’ मी म्हणालो.

मग तो निघाला. आरोहीच्या पप्पांनी दोनदा विचारलं होतं.