भिंतीवरची पाण्याची रेघ

मला माझ्या थोरल्या जावेचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, मागून कुणी नावं ठेवायला नको. ती ओढ्याच्या पल्याड राहते, मी अल्याड. आमचं गाव कर्नाटकातलं, ती इथल्याच कन्नड शाळेत शिकलेली. मी उदगीरकडची, कन्नड बोलते, पण वाचता येत न्हाई. त्यामुळं पंचायतीत पुराच्या बंदोबस्ताची बैठक बसली की साहेब लोक तिच्याकडंच बघून बोलायचे आणि मी सतरंजीचे दोरे उसवत बसायची.

गेल्या पावसाळ्यात ओढा दोन्हीकडं चढला. माझ्या घरात गुडघ्याच्या वर पाणी आलं, शिलाई मशीन बुडाली. तिच्यावरच माझं घर चालतं. मुडबीच्या बाजारात नेऊन दुरुस्त करून आणली. दुकानदार म्हणाला, परत भिजली तर आणूच नका. म्हणून ओढ्याला दगडी बांध पाहिजे होता. निधी मंजूर झाला, पण एकाच काठापुरता. कुठला काठ ते साहेब घरं बघून ठरवणार होते.

साहेब यायच्या आदल्या दिवशी जाऊ आली. "भिंतीवरची गाळाची रेघ पुसू नकोस बरं," म्हणाली.

"बरं आक्का," मी म्हणाले. मनात म्हणलं, व्हय, लोकांपुढं माझंच घर कामून घाण दिसावं? तिची पाठ वळली तशी मी पांढरी माती कालवली. भिंती पोतारल्या, अंगण सारवलं, दारात रांगोळी घातली. आमच्याकडं मोठं माणूस यायचं म्हणलं की हेच करतात. पण खरं सांगायचं तर मला तिच्या नाकावर टिच्चून करायचं होतं.

साहेबांनी चहा घेतला, घराचं कौतुक केलं. पाणी कुठवर आलं होतं, विचारलं. मी मांडीला हात लावून दाखवला. त्यांनी पांढऱ्याशुभ्र भिंतीकडं बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पल्याड जावेच्या भिंतीवरची रेघ मात्र टेप लावून मोजली. बांध तिच्या काठाला झाला.

पुढं कितीतरी दिवस मी तिच्याशी धड बोलले न्हाई. जशी काय माझी रेघ तिनंच पुसली होती.

यंदा परत पाणी चढलं. उंबऱ्याला लागलं तेव्हा जाऊ पुलावरून फेरा घालून धावत आली. दोघींनी मशीन उचलून बाजेवर आणि बाजेवरून पोत्यांवर चढवली. मशीन वाचली.

पाणी ओसरलं, भिंत वाळली, तशी ती कोळसा घेऊन आली. गाळाच्या रेघेवर ठळक रेघ ओढली आणि वर कन्नडमध्ये लिहिलं, पाणी कोणत्या दिवशी कुठवर आलं ते. "आता हात लावून बघ," म्हणाली.

मशीनवर बसलं की समोर तेच दिसतं. साहेब अजून यायचेत. घर माझं, पाणी माझ्या घरातलं, आणि लिहायला तीच लागली, म्हणून आतून जळायलेय मी. त्यात बाईचं अक्षर इतकं सुरेख, की दिवाळीलासुद्धा ती भिंत तेवढी मी पोतारली न्हाई.