रिकाम्या डिफरन्शियलचा आवाज

इथले अनुभव वाचताना मी नेहमी मनातल्या मनात कारण शोधायचे, आणि बहुतेक वेळा सापडायचंही. असल्या गोष्टींवर विश्वास कधीच नव्हता. माझ्या स्वतःच्या अनुभवाचं कारण मात्र सापडत नाहीये... म्हणून लिहितेय.

आमच्या बेळगावच्या घरी वडिलांची, आप्पांची, जुनी लाल स्पोर्ट्स कार होती. वारण्याआधी ते माझ्याकडे बघून म्हणाले होते, "गाडी हिची." चारचौघांत मला बोलता येत नाही, पण ती गाडी चालवता येते. मागून एक गुणगुण यायची — अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की वाढायची. मागची चाकं फिरवणारं डिफरन्शियल झिजलं होतं. थोरला भाऊ अण्णा म्हणाला, "मी करून आणतो." टोचन लावून नेली, टोचन लावूनच परत आणली. "नवीन गिअर आहेत. मी सांगेपर्यंत बाहेर काढू नकोस."

तो खानापूरला गेला त्या दुपारी मला राहवलं नाही. निपाणीला आप्पांचे मित्र बाबूमामा यांचं गॅरेज आहे; अण्णानं गाडी दुरुस्त करून आणल्याचं त्यांना फोनवर सांगून तिकडे निघाले. हायवेवर पाय उचलला... तीच गुणगुण. अण्णानं काम नीट करून घेतलं नाही, एवढंच तेव्हा वाटलं.

मामा दारातच उभे होते. "आवाज हाय की अजून! काय दुरुस्त केलंय त्या शहाण्यानं?"

गाडी वर घेऊन ते खाली गेले.

"पोरी, ही टोचन करून आणलीस न्हवं?"

"चालवत आणली. तुम्ही बघितलंत ना."

"बघितलं गं... म्हणून तर इचारतोय."

मी वाकून पाहिलं. डिफरन्शियलचं नुसतं कवच होतं, आत एकही गिअर नाही. इंजिनाकडून येणारा शाफ्ट सुटलेला, तारेनं वर बांधलेला. तारेवर साधा ओरखडा नव्हता, म्हणजे शाफ्ट फिरलाच नव्हता.

अण्णाला फोन लावला. "मी गाडी घेऊन निपाणीला आलेय."

"कशी?"

"चालवत."

"काय सांगतीस! तिच्या मागं काय न्हाय..." आणि तो थांबला.

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"असा पार्ट आता मिळत न्हाय गं," तो हळूच म्हणाला. "गिऱ्हाईक आलतं, इकून टाकलं. तू तरी कुठं चालवणार हुतीस?"

मी फोन ठेवला. मामांनी इंजिन सुरू करून गिअर टाकून पाहिला. इंजिन घुमलं, चाकं जागची हलली नाहीत. गाडी अजून तिथंच आहे.

ती कशी आली, मामांना सांगता येत नाही, मलाही नाही. वाटभर ती गुणगुणत होती, हे अण्णाला सांगितलेलं नाही. त्याला आता काहीच सांगावंसं वाटत नाही.