धारेची वेळ

परवा आमच्या फिल्म क्लबात एक जुना, कृष्णधवल युरोपीय सिनेमा दाखवला. डोंगरातलं खेडं आणि त्यातला लग्नाचा एक दिवस. आत्या गावाहून आली होती, म्हणून तिलाही नेलं. जन्मभर तिनं म्हशी राखल्या. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही.

मेजवानी रंगात आलेली असताना गोठ्यातली गाय हंबरू लागली. नवरदेव उठला आणि नव्याकोऱ्या काळ्या कोटासकट बादली घेऊन गाईखाली बसला. सगळं सभागृह हसलं. मीही हसले.

“हसताय काय?” आत्या चांगली मोठ्यानं म्हणाली. “धार चुकली की सडं सुजत्यात. गाईला काय ठावं, आज लगीन हाय ते?”

मी ओशाळले. पण तिथून पुढे मात्र मी तो सिनेमा नीट बघितला. खेड्यावरचा चांगला सिनेमा मी आता यावरूनच ओळखते. तो आधी पोटभर हसवतो आणि मग आपण कशाला हसलो, ते गुपचूप आपल्यापुढे ठेवतो.

शेवटी नवरी गोठ्याच्या दारात आली. भर पंगतीतून हा उठून आला म्हणून आता ती चिडणार, असं मला वाटलं. पण तिनं पांढऱ्या झग्याचा घोळ कमरेशी खोचला, नवऱ्याला उठवलं आणि उरलेली धार काढायला स्वतः बसली.

आत्या खुर्चीत निवांत मागे टेकली.

“नांदंल,” ती म्हणाली. “नांदंल ही.”