मोकळा खजूर

माझ्या थोरल्या मेव्हणीइतकं रिकाम्या जागेला भिणारं माणूस साऱ्या मुरबाड तालुक्यात दुसरं सापडायचं नाही. बाकी कशाला ती भ्यायलेली मी पाहिली नाही. माहेर उंबरमाळीकडचं, रानातलं. लग्नाआधी एकदा गोठ्यात शिरलेला बिबट्या तिने चुलीतलं जळतं लाकूड घेऊन हाकलला होता म्हणे, आणि तिचा आवाज मी ऐकलेला असल्यामुळं मला त्या गोष्टीत नेहमी बिबट्याचीच दया यायची. पण हीच बाई टोकावड्याच्या आपल्या घरात रिकामा हंडा दिसला की तोंडावर पदर घ्यायची. भाताची कणगी रिकामी झाली की तळाशी दगड ठेवायची. चुलीवरून तवा उतरला की त्या जागी लगेच दुसरं काहीतरी, काहीच नसलं तर नुसत्या पाण्याचा टोप. नातवाला पाळण्यातून उचललं की पाळण्यात नारळ. तिन्हीसांजेला आलेली एक पाहुणी त्या नारळाला बराच वेळ झोका देत बसली आणि शेवटी "अगदी आज्यावर गेलाय गो" म्हणून त्याच्या अंगावर आंगडं-टोपडं ठेवून गेली. मेव्हणीने ते परत केलं नाही. नारळाला घातलं.

तिचं म्हणणं असं, की जगात जागा थोडी आणि बसणारे फार. "जित्यांना पाय ठेवाया मिळत नाय भावजी, मग मेलेल्यांनी बसावं कुठं? ती उभीच असतात बिचारी. मोकळं दिसलं का टेकतात." हे ती भाजीत मीठ कमी पडलंय अशा आवाजात सांगायची, म्हणून जास्त भीती वाटायची. भुताच्या गोष्टी सांगणारे आवाज बारीक करतात, डोळे मोठे करतात. ही सांगता सांगता लसूण सोलायची. ऐकणारा हळूच मागं वळून बघायचा. मीपण बघितलं आहे.

मुरबाडला एका लग्नात नवरा मुलगा पाटावरून मधेच हात धुवायला उठला. झालं. ही पंगतीतून उठली आणि नवरीच्या शेजारी त्याच्या पाटावर जाऊन बसली. फोटोवाल्याला वाटलं असेल काहीतरी रीत आहे, त्याने फोटो काढले. त्या लग्नाच्या अल्बमात अजून नवरी लाजत लाजत माझ्या मेव्हणीला जिलबीचा घास भरवते आहे. नवरा परत आला तर ही त्यालाच दटावून म्हणते, "मी नसते बसले तर कोण बसलं असतं, ठाव हाय?" पोराने तिच्या पाया पडून पाट परत मिळवला.

आता खजुराकडं येतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. दारात अचानक कोणी पाहुणा आला की ती भरलेला खजूर करायची. आधी आमच्या धसईच्या बाजारात दाबलेल्या खजुराची ढेप यायची, काळी, चिकट, सुरीने कापून द्यायचे. नंतर खोक्यातला सुटा खजूर मिळायला लागला आणि हिचं काम सोपं झालं. सोपं म्हणजे हातांना. आधी सारण करायचं, खजुराला तोवर हात लावायचा नाही. सुकं खोबरं किसून भाजायचं, तीळ, शेंगदाण्याचं जाडसर कूट, वेलची. उपास असला तर तीळ नाहीत. पाहुणा नोकरीवाला असला तर काजूचा तुकडा. मग डाव्या हातात सारणाची चिमूट धरून उजव्या अंगठ्याच्या नखाने खजूर उभा चिरायचा, आणि बी बाहेर येते न येते तोच सारण आत. चहाला आधण येईपर्यंत थाळी तयार. लोक म्हणायचे, काय हात चालतो बाईचा! तो हात धास्तीने चालायचा. बी निघाली की खजुराच्या पोटात जी जागा होते ती आपल्याला शेंगदाण्याएवढी दिसते. तिला ती दार उघडी टाकलेली खोली दिसायची. एकदा बी निघाली आणि त्याच घडीला तिला शिंक आली. शिंक तिने तशीच नाकात अडवून धरली, सारण भरलं, दाबलं, खजूर थाळीत ठेवला, आणि मग अंगणात जाऊन सावकाश शिंकली.

माझा मुलगा कल्याणला नोकरीला लागल्यावर दिवाळीला अंजीर, जर्दाळू आणायचा. अंजीर तिने उलटंसुलटं करून बघितलं. "ह्याला बी नाय, पण तोंड हाय," म्हणाली आणि त्या तोंडात काजू कोंबला. जर्दाळूवर मात्र तिचा जीव बसला. त्याची बी फोडली की आत बदामासारखा दाणा निघतो. तो ती त्याच जर्दाळूच्या पोटात परत घालायची. "ज्याचं त्याला दिलं का भ्या नाय."

ही सगळी भीती तिला नवरा गेल्यापासून, असं माझी बायको म्हणायची. साडू गेला, त्याचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी ही भेटायला येणाऱ्यांसाठी खजूर करत बसली होती. बिया काढल्या, तेवढ्यात अंगणात कोणी हाक मारली, आणि ही थाळी तशीच टाकून उठली. परत येऊन सारण भरलं आणि चव बघायला एक तोंडात टाकला तर त्याला बिडीचा वास. तोंडभर धूर. "मेला पण बिडी सुटली नाय," एवढंच ती बोलली. खाल्ला की थुंकला ते तिने कोणाला सांगितलं नाही.

माझी बायको मात्र बहिणीला हसायची. तिची धाकटी बहीण, पण हसायला पुढं. एकदा दोघी आमच्या ओसरीवर खजूर भरत होत्या. थोरली लाकडं आणायला परसात गेली. धाकटीने एक खजूर चिरला, बी काढली आणि वर धरून ओरडली, "आक्का गो, बघ, जागा केलीय! कोण येतंय ते बघू!" थोरली परसातून जी धावत आली, तिने मूठभर सारण त्या एका खजुरात असं कोंबलं की खजूर फुटून हिच्या हाताला चिकटला. ही हसून हसून खोकायला लागली. थोरली गाडीला बसेपर्यंत बोलली नाही. गाडी सुटताना खिडकीतून ओरडली, "धाकले, हात नीट धू!"

माझी बायको गेली ती पोटातल्या गाठीने. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुखलं, दवाखाने झाले, गेली. नंतर घरात सगळीकडं मोकळी जागा झाली. खाटेवर झाली, चुलीपुढं झाली, उंबऱ्याजवळ जिथं बसून ती तांदूळ निवडायची तिथं झाली. आणि कोणी म्हणजे कोणी येऊन बसलं नाही. मी वाट बघितली. मेव्हणीचं आयुष्यभर ऐकलं होतं, आता तिचं खरं असावं असं मला फार वाटत होतं. एकदा यावी. बोलू नये, दिसू नये, नुसती येऊन टेकावी.

वर्षश्राद्ध उरकलं. मग एका बाजारच्या दिवशी मी खजूर आणला. भर दुपार होती, सगळा गाव बाजारात. जेवलो, ओसरीवर बसलो आणि एकेक खजूर चिरून बिया काढल्या. माझे हात असले, निम्मे फाटले. थाळी उंबऱ्याजवळ ठेवली. "ये गो," म्हटलं आणि बसून राहिलो. कोंबड्या अंगणात होत्या, पण आवाज नव्हता. आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. उघडं गोड ठेवलं होतं, दारात गुरांचा गोठा, आणि थाळीवर एक माशी बसली नव्हती. घोंघावत होत्या, पण थाळीच्या अलीकडून वळत होत्या. जागा आधीच भरलेली असावी तशा.

तेवढ्यात मेव्हणी आली. बाजाराला आली होती, हातात भाजीची पिशवी. थाळी बघून अंगणातच थांबली.

"भावजी, बिया कोणी काढल्या?"

"मी."

"कवा?"

"जेवल्यावर."

तिने उन्हाकडं बघितलं. ऊन ओसरीच्या खांबापर्यंत सरकलं होतं.

"सारण कुठाय?"

"नाय केलं. तिला बोलावतोय."

मला वाटलं आता माझा बिबट्या होणार. पण तिने पिशवी अगदी हळू खाली ठेवली, आणि मला पहिल्यांदा घाम फुटला.

"येडे का काय तुमी? दारावर तिचं नाव लिवलंय? मोकळं बघून कोण येल ते काय आपल्या हातात अस्तं? घाटात गाडीखाली गेलेले, नदीत बुडालेले, समदे रांगंत उभे हायत. आणि धाकली कदी रांगंत म्होरं घुसलेली बघितलीव तुमी? रेशनला गेली तरी सगळ्यांना म्होरं सोडून रिकाम्या पिशवीनं घरी यायची ती!"

हे खरं होतं. मी म्हटलं, "मग टाकून देतो."

"बसलेल्याला उठवून लावतात काय? आता खायाच लागंल. तुमी हात लावू नका."

आणि ती थाळीपुढं मांडी घालून बसली. पहिला तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं. "चुना. तुमचा थोरला काका." दुसरा. "ह्यो मागला सरपंच. हितं पण पैला नंबर." तिसरा खाताना डोळे मिटले. "गाळ लागतोय. बुडालेला हाय कोण." पुढचा हातात घेऊन तिने आधी हुंगला. "ही बाय हाय. अंगाला हळद हाय अजून. आपली नाय. जा गो बाय, जा, संपलं." असं म्हणून अगदी मऊ चावला. मला हसायला येत होतं आणि पाठीवर काटा पण येत होता. काकाला चुना लागायचा हे तिला माहीत होतं, मान्य. पण गाळाचं नाव काढल्यावर थाळीभोवतीची जमीन मला ओली दिसायला लागली, ती कशी? आणि तरीसुद्धा प्रत्येक खजुराला मी पुढं वाकून विचारत होतो, "कोण? आक्का, हा कोण?"

शेवटचा राहिला. सगळ्यात फाटलेला. तिने तोंडात टाकला, एकदा चावला आणि थांबली. डोळे माझ्याकडं होते, पण ती मला बघत नव्हती. मग तिने तो जिभेने हळूच एका गालात सारला. गाल फुगला.

"कोण?"

तिने मान हलवली.

"ती हाय का?"

पुन्हा मान हलवली. ती मान नाही म्हणत होती की विचारू नका म्हणत होती, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

"नाय ना? मग गीळ."

गिळला नाही. उठली, थाळी धुतली, पिशवी घेतली आणि चहा न घेता निघाली. जन्मात कधी झालं नव्हतं. मी मागं मागं गेलो. जिच्या एका हाकेला अख्खी आळी बाहेर यायची ती बाई बाजारातून तोंड मिटून चालली होती. ओळखीच्या बाया विचारत होत्या, "कवा आलीस गो?" ही नुसती मान डोलवत होती. गाडीत खिडकीशी बसली. गालावर तळहात धरलेला, वाऱ्यात पणतीला आडोसा धरतात तसा. गाडी टोकावड्याकडं गेली.

मी घरी येऊन रागावलो. खूप रागावलो. थाळी माझी, खजूर माझा, बायको माझी, आणि आली असेल तर माझ्यासाठी आली असेल. ही घेऊन जाणारी कोण? दोन-तीन दिवस मनातल्या मनात टोकावड्याला जाऊन भांडून आलो. मग आठवलं, मी बायकोला पहिल्यांदा बघितली ती अंतरपाट दूर झाल्यावर. थोरलीने बघितली ती जन्मल्याबरोबर सुपात ठेवली तेव्हा. तिला कडेवर घेऊन ही रानात सरपणाला जायची.

पुढच्या दिवाळीला टोकावड्याला गेलो तेव्हा सरळ विचारलं, "आक्का, तो शेवटचा गिळलास का थुंकलास?"

"भावजी, बायामाणसाच्या तोंडातलं इचारू नये," ती म्हणाली आणि माझ्यापुढं चहा ठेवला. मग थोड्या वेळाने, चुलीकडं बघत, "ऱ्हावा दोन दिस. बरं वाटंल." मी राहिलो. तिच्या घरात मला झोप चांगली लागली.

आता तिचं वय झालं आहे. आवाज अर्धा राहिला आहे, रात्रीचं दिसत नाही, खजूर भरताना हात कापतो. मी अधूनमधून जातो, दोन दिवस राहतो, परत येतो. धसईला गाडीतून उतरून घराचं कुलूप काढतो तेव्हा ते घर मला मेलेल्या बाईचं वाटत नाही. बायको बहिणीकडं गेली की जसं असायचं तसं वाटतं. चूल गार असते, पण काळजी नसते.