नामदेवची मऊ पिकअप

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो. संध्याकाळी झाडून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच. आलापल्लीत रशीदभाऊंच्या गॅरेजला लागून माझं लेथचं दुकान होतं, तिथले किस्से माझ्याकडे असेच साचलेत. आता मी चंद्रपूरला मुलाकडे राहतो. इथं घरासमोरचा रस्ता गुळगुळीत आहे, आणि त्यावर सांगण्यासारखं काही म्हणता काही घडत नाही. म्हणून जुनेच सांगतो, तेही एकाच गाडीचे.

गाडी नामदेवची. नामदेव अहेरीकडचा, घरचं धान पिकवणारा, आणि पिकअप त्याच्या लग्नाआधीची. पुढं-मागं लोखंडी पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या कमानी. खड्डा आला की आधी गाडी उडायची, मग आतला माणूस, आणि दोघांची भेट मध्येच कुठंतरी व्हायची. याच गाडीनं नामदेवला नदीच्या कोरड्या पात्रातली उन्हाळ्याची शर्यत मारायची होती.

रशीदभाऊंचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या बायकोच्या, शकीलाभाभींच्या, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये. भाभींचं माहेर सिरोंच्याला, आणि तो रस्ता तेव्हा नावापुरताच रस्ता होता. चार वर्षं त्यांनी आईचं तोंड पाहिलं नव्हतं. आई ऐंशीच्या पुढची, तिला इकडं आणणं त्याहून कठीण. दोघी फोनवर तेलुगूत बोलायच्या. फोन ठेवला की रशीदभाऊ गॅरेजात येऊन स्वच्छ असलेले पाने परत पुसत बसायचे.

नामदेव म्हणाला, "गाडी फास्ट पळाली पायजे." तसे रशीदभाऊ उठून बसले. "फास्ट पळनारी गाडी मऊच असते. चाक खड्ड्यात जाते, पन डोकं नाई हालत. तू शर्यत मार, मले एक दिवस गाडी दे. शकीलाले सिरोंच्याले नेयाचं हाय."

"एकच दिवस काऊन?" नामदेव म्हणाला. "गेल्यावर भाभी दोन घास खाईन का नाई मायच्या घरी? दोन दिवस ठेव."

*

ठरलं असं, की पुढचे पाटे काढायचे आणि तिथं मोठ्या गाडीच्या स्प्रिंगा, चाकं धरणारे लांब आर्म आणि धक्का शोषणारे नवे शॉकअप बसवायचे. मागून चेपलेल्या एका गाडीचा पुढचा अख्खा सेट चंद्रपूरच्या भंगारात पडून होता. तो आणायला आम्ही दोघं गेलो. रशीदभाऊ टेप वापरत नसत. सुतळीला गाठी मारून माप घ्यायचे. भंगारवाल्यानं टेप पुढं केला तर म्हणाले, "आकडा मानूस इसरते. गाठ नाई इसरत."

आणला सेट, धरला गाडीखाली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं बाहेर! रशीदभाऊंनी खिशातली सुतळी काढली, दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि तिथंच खाली बसले. त्या दिवसांत ते भाभींच्या पाठीसाठी एक रुंद बाज बनवत होते. आम्ही चंद्रपूरहून बाजेच्या मापाचा सेट उचलून आणला होता.

परत कोण नेणार? मी ब्रॅकेट नव्यानं कापले, जोड दिले आणि तोच बसवला. पिकअप पाय फाकून उभी राहिली. नामदेवनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. "कुस्ती खेळाची हाय का हिले?"

"फास्ट गाडीले असंच उभं राहा लागते," रशीदभाऊ छातीठोकपणे म्हणाले. "उलटत नाई." ते पुढं खरं निघालं. पण बोलताना त्यांना ते माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

*

स्टिअरिंग मी बसवलं, त्यामुळे या किश्शातला गाढव मीच. चाकं वळवणारा खालचा डबा मी उलटा लावला. उजवीकडं फिरवलं की गाडी डावीकडं जायची. पहिल्याच चकरेला रस्त्यावर काढायला गेलो आणि माझ्याच दुकानाच्या टिनाच्या भिंतीत शिरलो. रशीदभाऊंनी शांतपणे चावी काढून घेतली. "दिवाकरभाऊ, दुकानात पायी येत जा."

डबा सुलटा बसवायला लागणारा पार्ट नागपूरहून यायला चार दिवस होते. नामदेवला घरी धानाची पोती हलवायची घाई. नाही नाही म्हणता तो तशीच गाडी घेऊन गेला. आमचा जीव टांगणीला. चार दिवसांनी परत आला तो गाडी रिव्हर्समध्ये गॅरेजात घालत, एका दमात.

"राहू द्या आता," तो म्हणाला. "हात बसला माहा. अन् चोर आलाच, तर त्यानं नेऊन दाखवावी."

*

भाभींना गाडीत बसवायचं म्हणजे आधी खात्री हवी. उपाय त्यांनीच काढला. गाडग्यात कोमट दूध, त्यात विरजण, आणि गाडगं पुढच्या सीटवर. सागवानाच्या जंगलात लाकडं ओढून उखडलेली वाट होती, तिच्यावरून नामदेवनं तीन तास फिरून यायचं. "दही लागलं तर मी बसीन," भाभी म्हणाल्या.

पहिल्या दिवशी दूध सीटवर, दारावर आणि नामदेवच्या मिशीवर होतं. आम्ही स्प्रिंगा बदलल्या. मग नुसतं पाणी सुटलं. शॉकअप बदलले. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी गाडगं उतरवलं. भाभींनी ते तिरपं केलं. दही हललं नाही. रशीदभाऊंचे डोळे भरून आले, त्यांनी ते लपवलेही नाहीत.

भाभींनी बोटभर चाखलं. "आंबट झालं. नामदेवभाऊ, लय हळू चालवता तुमी."

*

मग शर्यत. वाळूचं पात्र, सात गाड्या, आणि आमची पिकअप धुरळा उडवत पहिली. पल्याडच्या वळणावर काठाला एक म्हातारी डोक्यावर टोपलं घेऊन उभी होती. तिनं हात दाखवला. आमच्याकडं जंगलातल्या वाटेला दिवसाकाठी एखादी गाडी, त्यामुळे हात दाखवला की थांबायचं, हा धर्मच. नामदेव थांबला. टोपलं मागं, म्हातारी पुढं, आणि तरी दुसरा आला.

रशीदभाऊ तडकले. "शर्यत चालू होती ना बे!"

"तिले काय मालूम? तिनं हात दाखवला."

म्हातारी उतरली, तिनं इकडंतिकडं पाहिलं. "मले इथी नाई, मंधात उतराचं होतं." नामदेव तिला मध्यावर सोडायला परत गेला. बक्षीस वाटलं तेव्हा तो जागेवर नव्हता.

*

आता त्या गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. आलापल्लीला गेलो की मी तिथं थांबतो, कारण नसताना. पण सिरोंच्याचा दिवस आठवला की अजून बरं वाटतं.

उलट्या स्टिअरिंगवर चार दिवस हात बसवून रशीदभाऊ स्वतः चालवायला बसले. शेजारी भाभी, त्यांच्या पाठीशी दोन उशा. मी आणि नामदेव मागच्या डाल्यात, म्हणजे माल भरायच्या उघड्या हौद्यात. रशीदभाऊ इतके जपून चालवत होते, की एक बैलबंडी आम्हाला मागे टाकून गेली आणि बंडीवाल्यानं काळजीनं विचारलं, "बंद पडली का?"

भाभींनी गाडी थांबवायला लावली. "अशानं अम्मा झोपून जाईन. नामदेवभाऊ, तुमी चालवा. अन् तुमी जा मागं."

रशीदभाऊ मुकाट मागं आले. मागच्या पाट्यांना आम्ही कधी हातच लावला नव्हता. मी दांडी धरून उभा राहिलो. त्यांना बसायला सांगितलं तर डाल्याच्या पत्र्यावर बसले, केबिनच्या काचेला नाक लावून. नामदेवनं गाडी सोडली. प्रत्येक खड्ड्याला रशीदभाऊ वीतभर उडत, आपटत, आणि ओरडून मला सांगत, "डोकं नाई हालून राह्यलं तिचं! पाहा!"

सिरोंच्याला दारात अम्मा उभी होती. भाभींनी दार उघडलं, कुणाचा हात न घेता उतरल्या आणि ताठ चालत गेल्या. मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या. मीही रडलो.

रशीदभाऊ मात्र डाल्यातून उतरेनात. मी आणि नामदेवनं बगलेत धरून त्यांना खाली घेतलं. ते कमरेत जे वाकले होते, ते सरळच होईनात. तसेच, जमिनीकडं बघत, सासूला सलाम करत दारापर्यंत गेले.

अम्मानं डोळे पुसले. ताठ उभ्या लेकीकडं पाहिलं, मग जावयाकडं पाहिलं, आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. भाभींना हसू आवरेना.

"काय म्हनते अम्मा?" नामदेवनं विचारलं.

"म्हनते, ऑपरेशन कोनाचं झालं होतं?"