सीटबेल्ट लावलेलं मडकं

माझ्याकडे जर्मन गाडी आहे हे लातुरात सगळ्यांना माहीत आहे, कारण ती कायम कुठल्या ना कुठल्या गॅरेजबाहेर उभी असते आणि शेजारच्या टपरीवर मी.

नांदेडच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडून मी ती सेकंडहँड घेतली. किल्ली देताना डॉक्टर म्हणाले, "फार प्रेमानं वापरलीय." (हाडांच्या डॉक्टरचं प्रेम कसं असतं, ते ज्यांचा निखळलेला खांदा त्यांनी बसवलाय त्यांना विचारावं.) गाडीबरोबर थोडी शिल्लक राहिलेली वॉरंटीही मिळाली, आणि तिथूनच माझ्या आयुष्यातली शांतता संपली.

मी लातुरात बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. चार पर्यायांतला एक बरोबर पर्याय कसा निवडायचा, हे पंचवीस वर्षं पोरांच्या डोक्यात घालतोय. माझ्यापुढं मात्र दोनच पर्याय होते आणि तेही मला निवडता येईनात.

पहिला पर्याय, नांदेडचं कंपनीचं वर्कशॉप. तिथं थंडगार हॉल, काचेच्या टाकीत मासे आणि टाय लावलेला एक सल्लागार. तो हातात टॅब घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचा आणि दर कोपऱ्यावर एक सुस्कारा सोडायचा. मग हळूच विचारायचा, "सर, बाहेर कुठं दाखवली नाही ना?" मुलीच्या स्थळाची चौकशी करताना विचारतात ना, अगदी त्याच आवाजात. बाहेरच्या माणसानं नुसतं बॉनेट उघडलं तरी आमच्या सिस्टीमला कळतं, असंही त्यानं सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून मी काच पुसायचं पाणी भरतानासुद्धा आजूबाजूला बघतो.

दुसरा पर्याय मुरूड रोडवरचे बनसोडे. पंधरा वर्षं पुण्यात असल्याच गाड्यांच्या वर्कशॉपात काढून ते लातूरला परतले आणि स्वतःचं गॅरेज टाकलं. पाटीवर मोठ्या अक्षरात 'जर्मन गाड्या दुरुस्त करून मिळतील' आणि खाली बारीक अक्षरात 'ट्रॅक्टरसुद्धा'. माणूस कमी बोलणारा. वॉरंटीबद्दल विचारलं तर म्हणाले, "आईल बदलल्यानं वॉरंटी जात न्हाई सर. ग्रेड बरोबर ठेवायची अन् बिल जपायचं. पण तुमचा जीव घाबरून राहिला असंल तर तिकडंच जा."

माझा जीव घाबरूनच राहिला होता. म्हणून मी दोन्ही पर्याय निवडले! सर्व्हिसिंग नांदेडला करायचं आणि परत आल्यावर ते खरंच झालंय का, हे बनसोडेंकडून तपासून घ्यायचं. आमच्याकडची ही जुनी रीत आहे. हैदराबादचा मोठा डॉक्टर औषध लिहून देतो, आणि ते घ्यायचं की नाही हे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ठरवतो. बनसोडे हसायचे, डोकं आत घालायचे आणि "बदललंय, बदललंय" म्हणून बॉनेट मिटवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. वॉरंटी संपायला दोन महिने उरले होते आणि मी बारावीचा निकाल लागायची वाट बघावी तसे दिवस मोजत होतो.

अशातच रेणापूरहून दादांचा फोन आला. दादा म्हणजे आमचे थोरले बंधू, गावाकडची शेती तेच बघतात. ते म्हणाले, "येळवस आलीय. औंदा अक्काला आणायचं. तिच्या हातनं पूजा झाल्याबिगर मी भाकर मोडणार न्हाई."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सारा लातूर जिल्हा शेतात जेवतो. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, दुपारी पूजा करायची आणि मग हिरव्या दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर आणि वर आंबील. आमची अक्का दिली धर्माबादला. गुडघ्यांची दोन ऑपरेशनं झाल्यापासून तिला एसटी चढवत नाही, म्हणून सहा वर्षं ती येळवशीला आली नव्हती. दरवर्षी दादा तिला फोनवरून कोप दाखवायचे आणि ती फोनवरच हात जोडायची.

"माझी गाडी कशाला आहे?" मी दादांना म्हणालो. (या वाक्याचं उत्तर मला पुढं सविस्तर मिळालं.)

आदल्या दिवशी बायकोला रेणापूरला दादांकडं पाठवलं आणि मी धर्माबादला मुक्कामाला गेलो. अक्कानं आंबील करून ठेवली होती. ज्वारीचं पीठ ताकात शिजवायचं, लसूण-जिरं घालायचं आणि मडक्यात रात्रभर आंबू द्यायचं. दादांची बायको करते ती आंबील नसून नुसतं ताक असतं, असं अक्काचं तीस वर्षांपासूनचं मत आहे. त्यामुळे ती स्वतःचं मडकं घेतल्याशिवाय निघणार नव्हती.

सकाळी निघताना पाहिलं तर मडक्याच्या तोंडाला नुसतं फडकं. माझ्या डोळ्यांपुढं गाडीच्या फिकट रंगाच्या सीटा आल्या. मी फडकं काढलं, प्लास्टिकची पिशवी घातली, वर झाकण ठेवलं आणि पार्सलची चिकटपट्टी आठ वेळा गुंडाळली. अक्का म्हणाली, "बाळ्या, त्येला वारा लागू दे."

मी पन्नाशीचा आहे, पण तिच्यासाठी बाळ्याच. मी म्हणालो, "अक्का, तू बस. मी सायन्सचा माणूस आहे."

पाय लांब करता यावेत म्हणून अक्का मागं बसली आणि मडकं पुढं माझ्या शेजारी. गाडी सुरू केली तर ती टुंगटुंग वाजायला लागली. गाडीच्या मते मडकं हे माणूस होतं आणि त्यानं पट्टा लावला नव्हता. मी लावला. वाजणं थांबलं. अक्का म्हणाली, "लई मान हाय की तुझ्या गाडीत आंबिलीला." मी फुशारलो. सकाळची थंडी होती, तेव्हा तिला आणखी एक गंमत दाखवावी म्हणून पुढची सीट गरम करायचं बटण दाबलं आणि म्हणालो, हात लावून बघ. तिनं मागून वाकून हात लावला, तापलेल्या तव्यावरून काढावा तसा मागं घेतला आणि जर्मन लोकांचं कौतुक केलं. बटण बंद करायचं मी विसरलो.

आता जरा उजळणी करू. आंबवलेलं पीठ, हवाबंद झाकण, खालून मंद आच आणि अडीच-तीन तासांचा रस्ता. हा प्रश्न मी दरवर्षी पोरांना घालतो. उत्तर न येणाऱ्या पोराला बाकावर उभं करतो.

चाकूरच्या पुढं आलो आणि उत्तर आलं. आवाज असा झाला की मला वाटलं टायर फुटला. मग काचेवर, छतावर, माझ्या चष्म्यावर आणि गिअरच्या दांड्याभोवती पांढरं काहीतरी ओघळायला लागलं आणि गाडीत लसणाचा वास दरवळला. मी कशीबशी गाडी बाजूला घेतली. समोर जेवढे दिवे असतात तेवढे सगळे एकदम पेटले, दांडा अडकून बसला आणि गाडी मुकी झाली. मागून अक्का शांतपणे म्हणाली, "मी म्हणलं व्हतं, वारा लागू दे."

पूजेला अडीच तास उरले होते. शेत तिथून तासाभराच्या रस्त्यावर. येळवशीच्या दिवशी या भागात गॅरेज सोडा, रस्त्यावर माणूस सापडत नाही. जो तो कुणाच्या ना कुणाच्या शेतात. मी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, गाडीत काय सांडलंय? त्यांच्या यादीत पाणी, चहा, कॉफी आणि थंड पेय एवढंच होतं. आंबील काय असते हे मी पाच मिनिटं समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, मी 'इतर' टाकते." नांदेडहून क्रेन निघते आहे, आणि ती येईपर्यंत गाडीला कुणालाही हात लावू देऊ नका.

मी लगेच बनसोडेंना फोन लावला. (सवय!) नशीब असं की ते एका गिऱ्हाइकाच्या शेतात येळवशीलाच आले होते, चाकूरच्या अलीकडं. वीस मिनिटांत आपली जुनी व्हॅन घेऊन हजर झाले. त्यांनी दार उघडलं, आत वाकून वास घेतला आणि म्हणाले, "लसूण चांगला पडलाय."

"धर्माबादचा हाय," अक्का खूश होऊन म्हणाली.

बनसोडेंनी निदान दोन वाक्यांत संपवलं. सीटखालच्या वायरींच्या जोडात आणि गिअरच्या खाचेत आंबील गेलीय. खोलून, पुसून, वाळवून दिलं की तास-पाऊण तासात गाडी निदान हळूहळू शेतापर्यंत जाईल. त्यांनी पाना हातात घेतला आणि विचारलं, "खोलू का, सर?"

आणि मी म्हणालो, "थांबा."

ते थांबले. मी म्हणालो की कंपनीची क्रेन निघालीय, तुम्ही हात लावलात तर वॉरंटी जाईल, दोनच महिने राहिलेत. हे बोलताना मला टायवाल्याचा सुस्कारा ऐकू येत होता. बनसोडेंनी "बरं" म्हणून पाना खिशात ठेवला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

अक्कानं विचारलं, "बाळ्या, वॉरंटी म्हंजी काय असतंय?"

"गाडीचं काही बिघडलं तर कंपनी भरून देते."

"मग माझी येळवस भरून देती का?"

मी क्रेनवाल्याला फोन लावला. तो अजून लोहा गावात चहा घेत होता. तेवढ्यात दादांचा फोन आला. सगळे आंघोळी करून उपाशी बसलेत, पांडव मांडलेत, कुठवर आलात? मी म्हणालो, आलोच. रस्त्याच्या कडेला, न हलणाऱ्या गाडीला टेकून मी हे बोललो.

अक्का उतरली. गुडघ्याला हात लावत पुढं आली, मडक्याचा पट्टा सोडला आणि आत डोकावली. तळाला तांब्याभर आंबील उरली होती. मडकं कमरेवर घेऊन ती थेट व्हॅनकडं चालायला लागली.

"बनसोडेदादा, मला शेतात सोडता का? ह्येला बसू द्या वॉरंटीपाशी."

बनसोडेंनी तिला हात देऊन बसवलं. मला दोनदा विचारलं, सर, येताय का? गाडीला कुलूप लावून चला, तिला कोण नेतंय? मी माझ्या हातातल्या किल्लीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि म्हणालो, तुम्ही व्हा पुढं. व्हॅन धूर सोडत गेली. अक्कानं खिडकीतून मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष मडक्यावर होतं.

दुपार कलल्यावर क्रेन आली. ड्रायव्हर भला माणूस होता. त्यानं दार उघडलं, छताला चिकटलेलं बोटानं काढून हुंगलं आणि माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, "सर, सांडलेलं वॉरंटीत बसत न्हाई. कागदावरच लिहिलेलं असतंय."

गाडी क्रेनवर चढत असताना दादांचा फोन आला. पूजा वेळेवर झाली होती. अक्कानं कोपीपुढं बसून सगळं स्वतःच्या हातानं केलं, तांब्याभर आंबील चमच्या-चमच्यानं साऱ्यांना वाटली आणि सगळ्यांनी मान्य केलं की असली आंबील सहा वर्षांत प्याली नव्हती. मग दादा म्हणाले, "तुझ्या वाटची भज्जी ठेवू, का ती बी कंपनी देती?"

मी म्हणालो, ठेवा.

क्रेनच्या केबिनात बसलो आणि घरच्या ग्रुपवर फोटो आला. मधोमध खुर्चीवर अक्का, डोक्यावर पदर, तोंडभर हसू. एका बाजूला फेट्यातले दादा. दुसऱ्या बाजूला, खांद्यावर नवा टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ आणि पुढ्यात वाढलेलं ताट घेऊन बनसोडे. मागं वाकून त्यांना आग्रहानं उंडा वाढणारी माझी बायको.

खाली दादांनी लिहिलं होतं, 'सहा वर्षांनी सगळी भावंडं एकत्र.'

मी त्याला अंगठा दिला.